उशिराची जांभळी

जांभळं लाल दवेच्या पाण्यात धुणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मी रोज पाहत होते, आरशात. चाळिशीला टेकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आर्वीतले सगळे जंतू आपल्याच हातून मरायचे आहेत असा चेहरा. त्या उन्हाळ्यात गावात पोटाची साथ येऊन गेली होती आणि जंतू मारायला विहिरीत टाकायच्या लाल दवेच्या पुड्या घरोघर वाटल्या गेल्या होत्या. साथ ओसरली, पण माझ्या अंगातली दवा काही उतरेना. पालक धुवायचा तो गुलाबी पाण्यात. लिंबं, मिरच्या, पोरांच्या पाट्या, सगळं गुलाबी पाण्यात. मीठ विरघळतं म्हणून तेवढं वाचलं.

या बाईने जूनमधल्या एका दुपारी, कोणी सांगितलं नसताना, धाकट्या दिराची डाल्याच्या डाल्या जांभळं गुलाबी पाण्यात बुडवली, दोन्ही हातांनी चोळली, पुन्हा विहिरीच्या पाण्यात खंगाळली आणि स्वच्छ धोतरावर वाळत घातली. जांभळं अशी लखलखली की जणू सराफाच्या दुकानातून आलीत. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. स्वतःवर इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

त्या डाल्यांमध्ये माझ्या दिराची सगळी जमीन होती, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी धुतली, हा त्यातला खरा विनोद.

दिराचं नाव वसंता. तिघा भावांत धाकटा. थोरले दादाजी नागपूरला नोकरीत, मधले म्हणजे आमचे हे, आर्वीत किराणा दुकान चालवणारे, आणि हा वसंता एसटीत कंडक्टर. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणायचा, "वयनी, माह्यी गाडी डेपोतच राह्यली. आता तिले कायले धक्का मारता?"

उभं आयुष्य गाडीत उभं राहून गेल्यामुळे तो जमिनीवरही पाय फाकवून उभा राहायचा, कधी वळण येईल याचा नेम नाही अशा बेताने. खुर्ची दिली तर कडेला बसायचा. दुसऱ्या कोणाची सोय नको का? आमच्याकडे जेवायला आला की पंगतीत मागून म्हणायचा, "सरका बापा, पुढं सरका, पुढं मोकळं हाय." नोकरी सोडली तेव्हा डेपोतल्या लोकांनी हार-नारळ दिला आणि काय हवं ते माग म्हणाले. याने तिकिटं टोचायचा एक मोडका चिमटा मागून घेतला. तो कायम खिशात. विचारात पडला की खिशातून टक टक आवाज यायचा. एकदा टक म्हणजे थांबा. दोनदा टक टक म्हणजे निघा. घरातल्या सगळ्यांना तो हिशेब ठाऊक होता. हळदीकुंकवाला बायका लांबल्या की ओसरीवरून टक टक ऐकू यायचं आणि मी हसू दाबत सुपाऱ्या वाटायला लागायची.

त्याच्या दोन कीर्ती होत्या. एक नाकाची. आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे गाडीत कोण कशाचा डबा घेऊन चढतं हे कंडक्टरला कळायलाच हवं. वसंताला झाकण न उघडता कळायचं. एकदा मी वडनेरहून, म्हणजे माहेराहून येत होते, गाडीत हाच. एक म्हातारी मांडीवर डबा धरून बसलेली, वरून पदर. हा तिच्याजवळ थांबला. डोळे मिटले. सारी गाडी श्वास रोखून.

"बुढे, मोहाचीच हाय ना?"

"मोहाची नाई रे बापा! मोहफुलं हायेत, भिजवलेली. लाडवाले."

याने आणखी एकदा वास घेतला. "आज लाडवाचीच हायेत," तो म्हणाला, "पण परवा घरीच राह्यजो, बाहेर नको निघजो. परवा नाई राहाची लाडवाची." गाडी हसली, म्हातारी सगळ्यात जास्त हसली आणि उतरताना त्याच्या हातावर मूठभर फुलं ठेवून गेली. त्या फुलांचा वास घेत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. तिकिटं काढायची विसरला. मला तेव्हा वाटलं, हा माणूस जरा झोपेत चालतो.

दुसरी कीर्ती अशी की तो धावत येणाऱ्याला सोडून कधी गेला नाही. लांब शेताच्या धुऱ्यावरून कोणी हात हलवताना दिसलं की एक घंटी. ड्रायव्हर वैतागायचा, पाशिंजर ओरडायचे. हा म्हणायचा, "दोन मिनटं लेट झालो तं काय जाते? त्याचं तं सारं जाते." केळझरच्या चतुर्थीला गर्दीच्या दिवशीसुद्धा हाच प्रकार. त्याच्या गाडीचं वेळापत्रक स्टँडवर लावलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे.

या माणसाच्या डोक्यात जांभळाचं वेड शिरलं ते नाशिककडे. एका स्पेशल गाडीवर गेला होता. गाडी बिघडली म्हणून दिवसभर एका द्राक्षाच्या मळ्यापाशी अडकला. मळेवाल्या म्हाताऱ्याने त्याला घरात नेलं आणि पेलाभर काहीतरी दिलं. साखर नाही, पूड नाही, काही नाही. द्राक्षं चुरली, भांड्यात ठेवली आणि वाट पाहिली, एवढंच म्हणे केलेलं. वसंता कधी न पिणारा. त्या पेल्याची गोष्ट मात्र तो आम्हाला शंभरदा सांगे, आणि दरवेळी आवाज खाली यायचा.

"वयनी, त्यात त्या सालचं ऊन होतं. मागच्या सालचं. मी पेलो अन् मले त्याच्या मळ्यात मागच्या साली कधी पाणी पडलं तेही समजलं."

"कसं समजलं?"

"ते नाई सांगता येत."

मग खिशात एकदा टक. विषय थांबला.

परत आला तो सरळ नाल्याकाठच्या वावरात गेला. हे वावर आमच्या आजेसासूच्या हातचं. शहराबाहेर, सायकलने जाण्याएवढं लांब. नाल्याच्या काठाने तिने जांभळीची रांग लावली होती. ती गेल्यावर कोणी तिकडे फिरकलं नाही. पडीत पडलं, रायमुनी आणि बेशरमाची झुडपं माजली, विहिरीत पिंपळ उगवला. वसंताने नोकरी सोडली, तिथे राहायला एक खोपडी बांधली आणि झुडपं काढायला लागला. दोन वर्षं काढत होता. संध्याकाळी डबा घेऊन जावं तर हातापायांवर ओरखडे, डोक्यात फुलं, आणि चेहरा असा की जणू जत्रेतून आलाय. झुडपांखालून जुना दगडी बांध निघाला तेव्हा त्याने मला हाताला धरून नेऊन दाखवला. मी म्हटलं, "भाऊजी, दगड आहेत." तो म्हणाला, "हाये ना!" आणि हसत राहिला.

आता दारूबंदीच्या जिल्ह्यात नाशिकचा पेला कसा व्हायचा? त्याने वाट काढली ती शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची. जांभळाचा शिरका पोटाला चांगला, लोणच्याला चांगला, कोणाची हरकत नाही. पण फळाचा रस शिरका व्हायच्या आधी वाटेत काही आठवडे तो आणखी काही असतो. वसंताचा जीव त्या मधल्या आठवड्यांत होता. पहिल्या वर्षी त्याने रांजणाचं तोंड मातीने लिंपलं. रांजण फुटला आणि खोपडीचं छप्पर आतून जांभळं झालं. दुसऱ्या वर्षी मुंग्या. आमच्या ह्यांनी दुकानातून खमिराची, म्हणजे यीस्टची, पूड देऊ केली, रस लवकर आंबेल म्हणून. वसंता दुखावला. "बाहेरचा डायवर नोको भाऊ. आपला फळावर बसूनच येते."

तिसऱ्या वर्षी दादाजी नागपूरहून आले. नाल्याची माती विटांना चांगली, म्हणून एका वीटभट्टीवाल्याने वावर मागितलं होतं. भट्टीला जळण लागतं, तेव्हा जांभळी त्यातच आल्या. दादाजी वाईट माणूस नव्हते. थोरल्या जाऊबाई गेल्यापासून थकलेले होते, रात्र रात्र त्यांना झोप लागत नसे, आणि गावाकडची एकेक गाठ सोडवून मोकळं व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं. आमचे हे नेहमीप्रमाणे "दादा म्हणतील तसं" म्हणून गप्प. दादाजी वसंताला म्हणाले, "दोन वर्षं झाली, झाडोरा तोडून राह्यला तू. मी पोळ्याले येतो. तवापर्यंत या वावरातून काही निघालं तं दाखव. नाई तं मी सही करतो, मंग तू मले काही म्हणू नोको."

आणि मग मी जांभळं धुतली.

धुतलेली जांभळं त्याने रांजणात भरली. मी काय केलं ते मी अभिमानाने सांगितलंही होतं. त्याने ऐकलं, चिमट्याकडे हात नेला, पण वाजवला नाही. आम्ही वाट पाहिली. रांजणाला कान लावला की आत कुजबुज ऐकू यायला हवी, चुलीवर दूर कुठे भात रटरटतोय अशी. काहीच नाही. रस तळ्यासारखा निपचित. मग वर बुरशीची गोधडी पसरली आणि वास असा सुटला की तो ओळखायला वसंताचं नाक लागत नव्हतं. वसंता रांजणाशेजारी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "इतकी स्वच्छ होती भाऊजी, तरी काऊन?"

"वयनी, गाडी भरली होती. पाशिंजर कसे नटूनथटून बसले होते. पण डायवरले तुमी धुऊन टाकलं."

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. आम्ही दोघांनी रांजण नाल्यात रिते केले. संध्याकाळभर नाला जांभळा वाहत होता आणि बगळे त्यात उभे होते, आपलं काही चुकलं का अशा चेहऱ्याने. मी पदर तोंडाला लावून रडत होते. बाकीची झाडं तोवर रिकामी झाली होती, पोळा जवळ येत होता, आणि मला भट्टीचा धूर आत्ताच दिसायला लागला होता.

रांगेच्या शेवटी, नाला वळतो तिथे, एक जांभळी होती. तिला उशिराची म्हणत. सगळ्यांचा मेळा उठला की ही सावकाश पिकायला लागायची, पार श्रावणाच्या तोंडाशी. फळ बारीक, तुरट. पावसातलं जांभूळ कोणी खात नाही, म्हणून पाखरांनाच सोडलेलं. वसंता रोज तिच्याखाली जाऊन वर पाहत उभा राहायचा, धुऱ्यावरून कोणी येतंय का पाहावं तसा. शेवटी एका उघडिपीत त्याने तिची फळं उतरवली. मी शेवटची अक्कल पाजळली. "भाऊजी, हिला तर पावसाने रोजच धुतलं आहे."

"पाऊस धुते वयनी, पण चोळत नाई. अन् लाल दवाही नाई टाकत."

एकच रांजण भरला, तोही गळ्यापर्यंत नाही. दोन दिवसांनी डबा घेऊन गेले तर हा रांजणाला कान लावून बसलेला. मला खुणेने बोलावलं. मीही गालाला थंड माती लावून बसले. आत कोणीतरी झोपेत बोलत होतं. लांबच्या गावाची नावं घेतल्यासारखं, एक झालं की दुसरं. बाहेर भुरभुर चालू होती, गाईच्या गळ्यातली घंटा नाल्यापलीकडून वाजत होती, आणि ती कुजबुज ऐकता ऐकता मी किती वेळ बसले मला कळलं नाही. घरी भात करपला असणार. खिशात टक टक झालं. गाडी निघाली होती.

त्या दिवसांत पोलीस ठाण्याचा एक जमादार वासावर आला. दारात उभं राहून म्हणाला, "काऊन गा कंडक्टर, वास कायचा येऊन राह्यला?"

"जांभळाची गाडी हाय साहेब. शिरक्याले चालली."

"मंधात कुठी थांबते?"

"थांबते ना. पण त्या स्टापावर कोणी उतरत नाई."

जमादार मिशीत हसला. "पोचली का सांगजो. माह्या मायचं पोट दुखते."

एका संध्याकाळी वसंताने मला चमचाभर दिलं. आधी एक चमचा जांभळीच्या मुळाशी ओतला, मग माझ्या तळहातावर. मी, हो मीच, गुलाबी पाण्याची महाराणी, तळहात न धुता चाटून मोकळी झाले. आधी तुरट लागलं, मग गोडाची नुसती आठवण, आणि मागून नाल्याच्या ओल्या दगडाचा वास. डोळे मिटले तर उजेड जांभळा दिसत होता. उघडले तरी तसाच. "समजलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो. पण ते नाही सांगता येत."

दादाजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला आले. रस्त्याने पोरं लाकडी बैल ओढत चालली होती. भट्टीवाला आर्वीत संध्याकाळी वाट पाहणार होता. दादाजींना शेवटच्या गाडीने परतायचं होतं. ते खोपडीतल्या खाटेवर बसले, घड्याळ पाहिलं. मी डोक्यावर पदर घेऊन चुलीआड. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलायची आमच्यात रीत नव्हती, नाही तर मी उठून सगळा दोष पदरात घेणार होते.

"शिरका कुठं हाय?"

"झाला नाई अजून," वसंता म्हणाला. "यंदा निघालेच उशिरा. अर्ध्या रस्त्यात हाय."

"म्हंजे आता तं ही दारूच झाली."

"आज हाय. दोन महिन्यानं नाई राहाची."

दादाजींनी सुस्कारा सोडला. विक्रीच्या कागदांची पिशवी मांडीवर घेतली. वसंताने वाद घातला नाही. पितळी फुलपात्र भरलं आणि त्यांच्यापुढे धरून उभा राहिला, पाय फाकवून, वळण येणार असल्यासारखा. दादाजींनी ते नुसतं नाकाशी धरलं. किती वेळ धरलं! मग एक घोट. मग सगळं. मग ते उठले, रांगेने एकेका जांभळीला हात लावत नाल्याच्या वळणापर्यंत गेले आणि उशिराच्या झाडाखाली टेकले. थोड्या वेळाने मी पदराआडून डोकावले तर नागपूरचे दादाजी चष्म्यासकट आडवे झाले होते. घोरत होते.

"उठवा ना त्यांना," मी कुजबुजले. "शेवटची गाडी जाईल."

"जाऊ द्या," कंडक्टर म्हणाला. त्याने अलगद जाऊन त्यांचा चष्मा काढून ठेवला.

ऊन कलंडलं. दूर रस्त्यावरून शेवटची एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. वसंताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाई परतल्या, बगळे उठले, तेव्हा दादाजी जागे झाले. लहान मुलासारखे गाल चुरगळलेले, केसात पाचोळा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कोणतं गाव आलं रे?"

"आपलं," वसंता म्हणाला.

दादाजींनी केसातला पाचोळा झटकला. मग म्हणाले, "भट्टीवाल्याले सांगून देजो, जमत नाई म्हणून." आणि पुन्हा आडवे झाले.

त्यानंतर रांजण वाढले. वसंताचा शिरका आर्वीतल्या लोणच्यांत गेला, जमादाराच्या मायच्या पोटात गेला. दरवर्षी ते मधले आठवडे आले की वसंता कमी बोलायचा, संध्याकाळी एक चमचा झाडाला, एक स्वतःला. मग एक दिवस रांजणाच्या तोंडावरचं जाड फडकं काढून पातळ बांधायचा, वारा लागू द्यायचा, आंबट होऊ द्यायचा. त्या दिवशी तो जेवत नसे. दादाजी दर पोळ्याला यायचे आणि उशिराच्या झाडाखाली झोपायचे. मला मात्र दर जूनमध्ये ती चमकणारी जांभळं आठवायची. माझ्या हातून सगळं जाणार होतं, आणि या माणसाने मला एका वाक्यापलीकडे कधी बोल लावला नाही.

अखेरच्या वर्षी त्याला दम लागायचा. माझ्या घरात तोवर नातवंडं आली होती. त्याने खाट उशिराच्या झाडाखाली टाकून घेतली होती. मी डबा घेऊन गेले तर डोळे मिटून पडलेला, पोटावर चिमटा, वर पानांत पिकायला लागलेली फळं. त्या सालचा रांजण आंबट व्हायच्या आत तो गेला. फडकं बदलायचा कोणाला धीर झाला नाही, बरेच दिवस.

पण त्या दुपारी तो होता. मी खाटेजवळ बसले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "भाऊजी, मी जांभळं धुतली तेव्हा तुम्ही मला रागावला का नाहीत? पार भट्टीत जाणार होतं सगळं माझ्यापायी."

त्याने डोळे उघडले नाहीत. खिशापर्यंत हात जात नव्हता, म्हणून पोटावरचाच चिमटा हलकेच दोनदा वाजवला.

"वयनी, वेळेवर निघालो असतो तं पोळ्यापर्यंत शिरका होऊन गेला असता, अन् दादा तोंड वाकडं करून निघून गेला असता. तुमच्यापायी गाडी लेट झाली, म्हणून तं त्याले भेटली."